जलमार्गांचे लेख आणि त्यांतील कर्ता

प्राचीन जलमार्ग म्हटले की रोमनांच्या उंच कमानींचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. हे चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. इ. स. ९७ मध्ये रोम नगरीच्या पाणीपुरवठ्याचा अधिकारी झालेल्या फ्रोंटिनसाने आपल्या ग्रंथात प्रत्येक जलमार्गाची लांबी नोंदविली आहे. त्याच्या हिशेबाप्रमाणे 'मार्किया' ह्या जलमार्गाच्या ६१,७१० पावलांपैकी ५४,२४७ पावले जमिनीखाली होती. (रोमनांचे पाऊल म्हणजे आपली दोन पावले, सुमारे दीड मीटर.) म्हणजे ज्या कमानी पाहण्यास आज प्रवासी जातात त्या ह्या विद्येचा लहानसा भाग होत. पाणी आणणे हे मुख्यतः जमिनीखाली, अंधारात करावयाचे काम होते. आणि त्यातील खरे अवघड प्रकरण म्हणजे डोंगराच्या दोन्ही बाजूंनी खोदत येऊन मध्ये भेटणे.

अशा कामांसंबंधी जे शिलालेख उरले आहेत त्यांचा इतिहासकारांनी कालनिर्णयासाठी पुष्कळ उपयोग केला आहे. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषेचा असल्यामुळे येथे एक निराळाच प्रश्न विचारावयाचा आहे: ह्या लेखांतील क्रियापदांचा कर्ता कोण? पाणी कोणी आणले असे ती वाक्ये म्हणतात?

मराठीच्या अभ्यासकास हा प्रश्न सुचणे स्वाभाविक आहे. श्रवणबेळगोळच्या प्रसिद्ध लेखात 'करवियलें' हे रूप आले आहे. राजाने केले असे तो लेख म्हणत नाही. करविले असे म्हणतो. प्रयोजक रूपाचा हा प्रामाणिकपणा लक्षात घेण्याजोगा आहे. करविणारा एक आणि करणारे दुसरे, हे त्या एका प्रत्ययाने कबूल केलेले असते. मात्र करणारे कोण, हे सांगण्याची जबाबदारी तो घेत नाही.

जलमार्गांच्या लेखांत हे प्रयोजक रूप फार जुने आहे. असुरदेशाचा राजा सेन्नाखेरिब ह्याने निनेव्हे नगरीस पाणी देण्यासाठी इ. स. पू. ६९० च्या सुमारापर्यंत कालव्यांचे एक विस्तृत जाळे निर्माण केले. त्यातील जेर्वान येथील दगडी जलसेतू २८० मीटरांहून अधिक लांब व सुमारे २२ मीटर रुंद असून त्यास वीस लाखांच्या आसपास चिरे लागले असावेत असा अंदाज आहे. जेकबसन व लॉइड ह्यांनी १९३३ मध्ये त्याचे उत्खनन केले, तेव्हा रोमनांपूर्वी कित्येक शतके खोल नाल्यावरून कालवा नेण्याची कला पूर्णावस्थेस पोहोचली होती हे निर्विवाद सिद्ध झाले. अक्कादी भाषेत धातूपूर्वी शकार येऊन प्रयोजक रूप होते, आणि सेन्नाखेरिबाच्या लेखांत 'मी कालवे खणविले' अशा अर्थाचे तेच रूप येते. कर्ता नेहमी 'मी', म्हणजे राजा.

ह्याच राजाच्या बाविआन येथील खडकलेखात एक चमत्कारिक प्रसंग आहे. कालव्याचा दरवाजा उघडण्याच्या विधीसाठी पुरोहित पाठविले होते. परंतु त्यांनी हात लावण्यापूर्वीच दरवाजा आपोआप उघडला आणि पाणी वाहू लागले. एखादा अभियंता म्हणेल की पाण्याच्या दाबापुढे दरवाजा टिकला नाही. राजाने त्यात देवांची प्रसन्नता पाहिली आणि खणणाऱ्यांना तागाची व रंगीत लोकरीची वस्त्रे आणि सोन्याच्या अंगठ्या दिल्या. म्हणजे मजूर ह्या लेखात येतात खरे, पण ते संप्रदानात. ज्यांस दिले ते, एवढेच त्यांचे व्याकरणातील स्थान.

आता योगायोग असा की, इ. स. पू. ७०१ मध्ये ह्याच सेन्नाखेरिबाने ज्या जेरुसलेमवर स्वारी केली, त्या नगरीत त्याच काळाच्या सुमारास एक बोगदा खोदला गेला. गिहोन हा झरा तटाबाहेर. तो शत्रूच्या हाती जाऊ नये म्हणून त्याचे पाणी डोंगराच्या पोटातून सिलोआमच्या तळ्यात घेतले. बायबलमधील 'राजे' ह्या ग्रंथात हे काम हिज्कियाच्या नावावर आहे. काही संशोधक ते त्याच्या आधीचे मानतात. परंतु बोगद्याच्या गिलाव्यातील वनस्पतींचे अवशेष आणि खडकावर साचलेले क्षार ह्यांच्या परीक्षणाचा २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष इ. स. पू. ७०० च्या सुमाराकडेच बोट दाखवितो. बोगद्याची लांबी ५३३ मीटर, तर पाण्याचा एकूण उतार सुमारे ३० सेंटीमीटर. सरळ रेषेत हे अंतर पुष्कळ कमी भरते. बोगदा मात्र सर्पाकृती वळणे घेत जातो. तो असा का वळतो ह्यावर बराच वाद झाला आहे. कोणी म्हणतात की खोदणारे खडकातील नैसर्गिक भेगेच्या अनुरोधाने गेले. कोणाच्या मते वर जमिनीवर घण मारून खालच्यांना दिशा दाखविली जात होती. संगमाच्या जागी मात्र वाद संपतो. तेथे दोन्ही बाजूंचे बोगदे चाचपडत डावीउजवीकडे वळलेले स्पष्ट दिसतात आणि भिंतींवरील टिकावाच्या घावांची दिशा उलटते.

बोगद्याच्या सिलोआमकडील टोकाशी असलेला लेख १८८० मध्ये तेथे खेळणाऱ्या मुलांच्या दृष्टीस पडला. पुढे दहा वर्षांनी कोणी तो खडकातून कापून काढला. त्यात तो भंगला. आज तो इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. प्राचीन हिब्रू लिपीतील सहा ओळी, एवढाच त्याचा विस्तार. त्यांत राजाचे नाव नाही, देवाचे नाव नाही, वर्ष नाही. त्यांचा आशय असा: हा बोगदा आरपार कसा झाला त्याची ही हकीगत. खोदणारे समोरासमोर टिकाव चालवीत असता, अजून तीन हात खोदावयाचे राहिले असता, एक माणूस दुसऱ्यास हाक मारीत असल्याचा आवाज ऐकू आला. कारण खडकात उजवीकडे काही तरी होते. ह्या 'काही तरी'साठी जो शब्द आहे तो अन्यत्र कोठेच आढळत नाही. भेग, चीर, ध्वनीचा मार्ग, असे अनेक अर्थ सुचविले गेले आहेत. पण एकदाच आलेल्या शब्दाचा अर्थ कोशाने ठरत नाही. हिब्रू पंडितांनी त्यावर जेवढी शाई खर्च केली आहे तेवढा वेळ त्या मजुरांना उरलेले तीन हात फोडण्यास लागला नसेल! आरपार झाले त्या दिवशी खोदणाऱ्यांनी टिकावासमोर टिकाव मारला, आणि पाणी झऱ्यापासून तळ्यापर्यंत १२०० हात चालत गेले. खोदणाऱ्यांच्या डोक्यावर खडकाची उंची १०० हात होती.

कर्त्यांकडे लक्ष द्यावे. आवाज, खोदणारे, पाणी. शुद्ध कर्तरी प्रयोग. प्रयोजकाची छाया नाही. ज्या पृष्ठभागावर हा लेख कोरला आहे त्याचा वरचा अर्धा भाग घासून गुळगुळीत केलेला, पण कोरा आहे. तेथे राजाचे नाव किंवा चित्र यावयाचे होते व ते राहून गेले, असा एक तर्क आहे. तो अशक्य नाही. परंतु जी सहा ओळींची हकीगत उपलब्ध आहे ती राजाच्या लेखकाने रचली असे मला वाटत नाही. राजलेखकास शेवटच्या तीन हातांची मोजणी ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि डोक्यावर किती खडक होता ह्याची चिंता तर मुळीच नाही. ती चिंता आत असलेल्याची.

सामोस बेटावरील बोगद्यास असा लेख नाही. इ. स. पू. सहाव्या शतकातील १,०३६ मीटर लांबीचे हे कामही दोन्ही बाजूंनी खोदलेले. त्याच्या कर्त्याचे नाव, मेगाराचा एउपालिनोस, हेरोडोटसाने सांगितले म्हणून आपणास कळते. त्याने स्वतः ठेवले ते भिंतींवरचे तांबड्या रंगाचे मोजणीचे आकडे. संगमाजवळ दोन्ही बोगद्यांना त्याने मुद्दाम असे वळण दिले की समांतर जाऊन एकमेकांस चुकविणे त्यांना शक्यच राहू नये. ह्याहून अधिक बोलके आत्मचरित्र थोड्याच अभियंत्यांनी लिहिले असेल.

रोमन सम्राटांकडे वळले की पुन्हा प्रयोजक. रोमच्या पूर्वद्वारावर, ज्यास आज पोर्ता माज्जोरे म्हणतात, क्लॉडियसाचा इ. स. ५२ चा भव्य लेख आहे. दोन जलमार्ग आपल्या खर्चाने नगरीत आणण्याची त्याने 'व्यवस्था केली' असे तो म्हणतो. त्याच्याच खाली व्हेस्पासियनाचा इ. स. ७१ चा लेख आहे. तो सांगतो की क्लॉडियसाचे हे पाणी नऊ वर्षे बंद पडून नादुरुस्त होते. बिघाडाचा कर्ता अर्थातच कोणी नाही.

परंतु त्याच साम्राज्याच्या एका कोपऱ्यात, अल्जीरियातील लांबेसिस येथे, १८६६ मध्ये एक षट्कोनी स्तंभ सापडला, आणि त्यावर एक माणूस प्रथमपुरुषी एकवचनात बोलतो. हा नोनियस दातुस, तिसऱ्या औगुस्ता पलटणीतील 'लिब्रातोर', म्हणजे आपल्या गवंड्यांच्या शब्दांत सांगावयाचे तर पाणसळ धरणारा. साल्दाए (आजचे बिजाया) ह्या नगरीसाठी इ. स. १३७ च्या सुमारास त्याने जलमार्गाची रेषा आखून दिली. मार्गात एका डोंगरातून ४०० मीटरांहून लांब बोगदा जावयाचा होता. पुढे तो दूर गेला, आजारी पडला, निवृत्त झाला. आणि दहाएक वर्षांनी प्रांताधिकाऱ्याने त्यास परत धाडण्याची विनंती केली. वाटेत दरोडेखोरांनी गाठले. कपडे गेले, अंगावर जखमा झाल्या. सोबत्यांसह तो कसाबसा निसटला. साल्दाए येथे पोहोचल्यावर प्रांताधिकाऱ्याने त्यास डोंगराकडे नेले. तेथे सर्व जण बोगद्यासाठी रडत बसले होते. कारण दोन्हीकडून खोदलेल्या लांबीची बेरीज डोंगराच्या रुंदीहून अधिक झाली होती, आणि भेट झालेली नव्हती. प्रत्येक तुकडी आपापल्या उजव्या हातास वळली होती, म्हणून एक दक्षिणेकडे व दुसरी उत्तरेकडे गेली. डोंगरावरून पूर्व-पश्चिम खुंट्या ठोकून दिलेली रेषा कोणी पाळली नव्हती.

दातुसाने रेषा पुन्हा धरली, आरमारी सैनिक व पहाडी पलटणीचे जवान ह्यांच्यात चढाओढ लावून दिली, आणि डोंगर फुटला. त्याच्या निवेदनाचा सूर कडवट आहे: पाणसळ प्रथम मी घेतली, ज्या आराखड्याप्रमाणे काम व्हावयाचे तो मी दिला. पाणी सोडण्याचा समारंभ प्रांताधिकाऱ्याने केला, हेही तो नोंदवितो. रोमन जलमार्गाच्या लेखात अभियंत्याने 'मी' म्हटल्याचे दुसरे इतके विस्तृत उदाहरण मला ठाऊक नाही.

स्तंभाच्या बाजूंवर तीन स्त्रीमूर्ती कोरल्या आहेत: सोशिकता, शौर्य आणि आशा. सोशिकता प्रथम येते. ह्या प्रथमपुरुषावर कोणी विश्वास ठेवणार नाही अशी शंका दातुसास असावी. म्हणून आपले काम अधिक स्पष्ट व्हावे यासाठी अधिकाऱ्यांची पत्रे जोडतो असे सांगून ती त्याने त्याच दगडावर उतरवून घेतली. त्यांपैकी एकात प्रांताधिकारी लिहितो की, काम चांगले सुरू झाले आहे, परंतु मोठे आहे, आणि नोनियस दातुसाच्या देखरेखीवाचून ते पुरे होणार नाही.