‘श्यामची आई’ची घरगुती आवृत्ती : प्रत आणि प्रमाण

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले ‘श्यामची आई’ हे पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. प्र. के. अत्रे यांनी त्यावर केलेला चित्रपट १९५३ साली पडद्यावर आला व १९५४ साली, पहिल्याच राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत, राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. पुस्तक घरोघर पोचले. चित्रपटाचे तसे नव्हते. वर्धा शहरालगतच्या पिपरी मेघेसारख्या वस्तीतील कुटुंबास तो पाहावयाचा तर चित्रपटगृहात खेळ लागेपर्यंत थांबणे भाग होते.

ही स्थिती घरगुती चित्रफितीने पालटली. जपानात १९७६ साली व्हीएचएस फीत बाजारात आली. भारतात तिच्या अनधिकृत प्रती इतक्या झपाट्याने पसरल्या की १९८४ साली स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती करावी लागली. पुढे १९९३ साली व्हीसीडीचे तंत्र सिद्ध झाले आणि ‘श्यामची आई’सारखे जुने कौटुंबिक चित्रपट स्वस्त तबकड्यांतून घरांत आले. एका तबकडीत सुमारे ७४ मिनिटांचेच चित्रण मावत असे. त्यामुळे दोन तासांहून दीर्घ असलेल्या या कथेचा खंड दिग्दर्शकाने योजिलेल्या मध्यंतरापेक्षा तबकडीच्या मापावर अवलंबून राहिला.

प्रसार झाला म्हणजे जतन झाले, असा समज येथे सहज होतो. हस्तलिखितांच्या अभ्यासकास तो पटणार नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती निरनिराळ्या प्रांतांतील, निरनिराळ्या परंपरांच्या पोथ्या ताडून. तबकड्यांची गोष्ट वेगळी आहे. एकाच रूपांतरातून निघालेल्या हजार तबकड्या म्हणजे हजार साक्षी नव्हेत. ती एकच साक्ष हजार वेळा उच्चारलेली असते. मूळ रिळावरचा ओरखडा वा गळालेला प्रसंग त्या सर्वांत सारखाच उतरतो. शिवाय व्हीसीडीचे चित्र केवळ ३५२ × २८८ बिंदूंचे असल्याने रिळावरील बारकावे तीत मुळातच उरत नाहीत.

म्हणूनच १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्थेचे मोल वेगळे आहे. २०२३ साली गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘श्यामची आई’ची पुनरुज्जीवित प्रत दाखविण्यात आली, हे त्याचेच द्योतक होय.

तथापि तबकडी टाकाऊ ठरत नाही. ज्या चित्रपटाचे मूळ रीळ नष्ट झाले, त्याची घरातील जुनी फीत हीच कदाचित अखेरची पोथी असेल. ती फेकून देण्यापूर्वी एवढा विचार अवश्य व्हावा.