मध्यम दाब स्विचगिअरची उभारणी व देखभाल

मध्यम दाब स्विचगिअर हा विद्युत वितरण जाळ्यातील प्रवाह जोडणाऱ्या, तोडणाऱ्या, मोजणाऱ्या आणि दोष उद्भवल्यास तो भाग आपोआप वेगळा करणाऱ्या उपकरणांचा संच आहे. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार १ किलोव्होल्टपेक्षा जास्त आणि ५२ किलोव्होल्टपर्यंतच्या दाबाची धातुवेष्टित उपकरणे या वर्गात मोडतात. महाराष्ट्रात प्रामुख्याने ११, २२ आणि ३३ किलोव्होल्ट हे दाब वापरात आहेत. महावितरणच्या बिलांत व दरपत्रकांत मात्र या दाबावरील ग्राहकांना 'उच्चदाब ग्राहक' म्हणतात. त्यामुळे विद्यार्थ्यांचा अनेकदा गोंधळ होतो. कारखान्याचा विद्युत पर्यवेक्षक ज्याला 'एचटी पॅनल' म्हणतो, तेच पाठ्यपुस्तकातील मध्यम दाब स्विचगिअर होय.

या संचात सर्किट ब्रेकर (मराठी परिभाषेत मंडल खंडक), बसबार, विलगकारी स्विच, भूसंपर्कन स्विच, प्रवाह रोहित्र, दाब रोहित्र, संरक्षक रिले आणि केबल जोडणीचा कप्पा यांचा समावेश असतो.

छत्रपती संभाजीनगरमधील संदर्भ

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) परिसरात रेल्वे स्थानक, चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहती असून शेंद्रा-बिडकीन पट्ट्यात ऑरिक ही नवी औद्योगिक नगरी उभी राहिली आहे. १९८५ साली वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यानंतर सुट्या भागांच्या उद्योगांची मोठी साखळी येथे निर्माण झाली. यांतील मोठे कारखाने ११ किंवा ३३ किलोव्होल्ट दाबाने वीज घेतात आणि स्वतःच्या आवारातील रोहित्राने ती ४१५ व्होल्टपर्यंत उतरवतात. साहजिकच महावितरणच्या उपकेंद्रांखेरीज खाजगी आवारांतही अशी उपकरणे मोठ्या संख्येने आहेत. मे २०११ ते नोव्हेंबर २०१४ या काळात शहरातील वीज वितरण जीटीएल या खाजगी फ्रँचायझीकडे होते. त्यानंतर ते पुन्हा महावितरणकडे आले. निर्वात ब्रेकरचा गाभा असलेला निर्वात खंडक तयार करणारा क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज (आताची सीजी पॉवर) कंपनीचा कारखानाही याच शहरात आहे.

नागरी जीवनाशी या उपकरणांचा संबंध सर्वांत ठळकपणे दिसतो तो पाणीपुरवठ्यात. शहराचे पाणी पैठणजवळील जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयातून पंपांनी उपसले जाते, फारोळा येथे शुद्ध होते आणि पुढे पुन्हा पंपांनीच शहराकडे चढवले जाते. या मार्गावरील एखादा ब्रेकर दोषामुळे बंद पडला, तर वीज थोड्याच वेळात परतली तरी रिकामी झालेली जलवाहिनी पुन्हा भरेपर्यंत पाण्याचे वेळापत्रक कोलमडते.

हवामान व भूस्तर

आंतरराष्ट्रीय मानकांत सामान्य वापरासाठी सभोवतालचे तापमान ४० अंश सेल्सिअसपेक्षा आणि चोवीस तासांची सरासरी ३५ अंशांपेक्षा जास्त नसावी, असे गृहीत धरलेले असते. मराठवाड्यातील एप्रिल-मे महिन्यांत ही मर्यादा ओलांडली जाते. म्हणून स्विचगिअरच्या खोलीला वायुवीजन पुरवावे लागते किंवा उपकरणाची प्रवाहक्षमता कमी धरावी लागते. उंचीची मात्र अडचण नाही. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडे अधिक उंचीवर असून निरोधनात सुधारणा करण्याची गरज १,००० मीटरच्या वर पडते.

भूसंपर्कनाच्या, म्हणजे रोजच्या बोलीतील अर्थिंगच्या दृष्टीने येथील जमीन फसवी आहे. वरचा काळ्या मातीचा थर ओला असताना वीज चांगली वाहून नेतो. पण उन्हाळ्यात ही माती आकसते, तिला भेगा पडतात आणि इलेक्ट्रोडभोवतीचा संपर्क सुटतो. थोड्याच खोलीवर मुरूम आणि दख्खनचा बेसाल्ट खडक लागतो, ज्याचा विद्युत रोध फार मोठा असतो. पावसाळ्यात मोजलेला अर्थिंगचा रोध मे महिन्यात तेवढाच राहील असे मानता येत नाही. येथील मोजणी उन्हाळ्याच्या अखेरीस करणे अधिक अर्थपूर्ण ठरते.

प्रज्योत विझवण्याच्या पद्धती

भारित मंडल तोडताना संपर्कांदरम्यान प्रज्योत, म्हणजे आर्क, निर्माण होते. जुन्या उपकेंद्रांतील ब्रेकर ती तेलात विझवत. त्यांत आगीचा धोका असे आणि तेल वारंवार बदलावे लागे. नंतर सल्फर हेक्झाफ्ल्युओराइड वायू आणि निर्वात या दोन पद्धती रूढ झाल्या. ११ आणि ३३ किलोव्होल्टच्या नव्या उपकरणांत निर्वात ब्रेकरचेच प्राबल्य आहे. त्यातील तांबे-क्रोमियम मिश्रणाचे संपर्क मोहोरबंद कुपीत असतात आणि ११ किलोव्होल्टसाठी त्यांच्यातील अंतर एक सेंटिमीटर किंवा त्याहूनही कमी असते. कुपीतील निर्वात टिकून आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी उघड्या संपर्कांवर ठरावीक उच्च दाब देऊन चाचणी घ्यावी लागते. या चाचणीत अल्प प्रमाणात क्ष-किरण उत्सर्जित होऊ शकतात. म्हणून दाब आणि संपर्कांचे अंतर निर्मात्याने सांगितले तेवढेच ठेवतात आणि माणसे दूर उभी राहतात.

उभारणी

पॅनल ज्या पायावर बसते तो समतल नसल्यास बाहेर काढता येणारा ब्रेकर आत सरकताना अडकतो आणि त्याचे संपर्क नीट बसत नाहीत. पुढे वर्षानुवर्षे त्रास देणाऱ्या अनेक बिघाडांचे मूळ या पहिल्या दिवसातील घाईत असते. म्हणून लोखंडी चॅनलची चौकट पाणसळीने तपासल्यानंतरच पॅनल त्यावर ठेवतात.

मोकळ्या जागेबाबतचा नियम मजेशीर वाटला तरी सयुक्तिक आहे. भारतीय विद्युत नियम, १९५६ पासून चालत आलेल्या तरतुदीनुसार स्विचबोर्डच्या पुढे किमान १ मीटर जागा हवी. मागील बाजूस उघड्या जोडण्या असल्यास तेथील जागा २० सेंटिमीटरपेक्षा कमी तरी असावी किंवा ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त तरी. मधली रुंदी वर्ज्य आहे, कारण तेवढ्या फटीत माणूस शिरू शकतो, पण संकटाच्या वेळी निघू शकत नाही.

बसबारचे सांधे निर्मात्याने दिलेल्या पिळानुसार टॉर्क पान्याने आवळून बोल्टवर खूण करतात. सैल सांधा तापतो; गरजेपेक्षा जास्त आवळलेला बोल्ट ताणला जाऊन पुढे सैल होतो. पॅनलच्या धातूच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र जोडण्यांनी भूसंपर्कित करणे बंधनकारक आहे. केबलचा शेवट तयार करताना अर्धवाहक थर नेमक्या अंतरापर्यंत सोलणे ही कुशल कारागिराची परीक्षा असते. तेथे सुरीचा निसटता चरा राहिला तरी त्या जागी सूक्ष्म विसर्ग सुरू होतो आणि काही महिन्यांनी वा वर्षांनी केबल फुटते. केबल आत येण्याची छिद्रे शेवटी बुजवतात. पाली, उंदीर आणि क्वचित साप उबेच्या शोधात पॅनलमध्ये शिरतात, आणि एका पालीमुळे संपूर्ण फीडर बंद पडू शकतो.

प्रथम विद्युतभारित करण्यापूर्वी निरोधनाचा रोध ५ किलोव्होल्टच्या मेगरने, तर संपर्कांचा रोध मायक्रोओहममध्ये मोजतात. त्यानंतर उच्च दाब चाचणी होते. १२ किलोव्होल्ट श्रेणीच्या उपकरणाची कारखान्यात २८ किलोव्होल्टवर एक मिनिट चाचणी झालेली असते; उभारणीच्या जागी ती साधारणतः त्याच्या ८० टक्के दाबाने घेतात. ३६ किलोव्होल्ट श्रेणीसाठी कारखान्यातील मूल्य ७० किलोव्होल्ट आहे.

'बंद' आणि 'निर्विद्युत'

देखभालीतील अपघातांचा विचार करताना हा भेद सर्वांत महत्त्वाचा आहे. ब्रेकर उघडला, दिवा हिरवा झाला, म्हणजे उपकरण बंद झाले. ते निर्विद्युत झाले असे नव्हे. ब्रेकर बाहेर ओढल्यावरही बसबारकडील संपर्क विद्युतभारित असतात आणि पडद्यामागे झाकलेले असतात. केबलकडील संपर्कही दुसऱ्या टोकाने भारित असू शकतात.

वीज उलट दिशेने येण्याचे मार्ग अनेक आहेत. वाळूज किंवा चिकलठाण्यातील बहुतेक मोठ्या कारखान्यांत डिझेल जनित्र असते आणि आता छतावर सौर संचही असतात. चेंजओव्हर स्विच चुकीच्या स्थितीत राहिला, तर जनित्राचा ४१५ व्होल्टचा दाब रोहित्रातून उलटा चढून ११ किलोव्होल्ट होतो आणि थेट त्या वाहिनीवर काम करणाऱ्या लाईनमनपर्यंत पोचतो. दाब रोहित्राबाबतही असेच घडते. त्याचे गुणोत्तर ११,००० ला ११० असते, म्हणजे दुय्यम बाजूला चाचणीसाठी चुकून २३० व्होल्ट दिले गेले तर प्राथमिक बाजूला २३ किलोव्होल्ट निर्माण होतात. म्हणून दाब रोहित्राचे दोन्ही बाजूंचे फ्यूज काढणे आवश्यक असते. प्रवाह रोहित्राचा नियम याच्या उलट आहे. त्याची दुय्यम बाजू चालू प्रवाहात कधीही उघडी ठेवत नाहीत, अन्यथा तेथे घातक दाब उत्पन्न होतो. लांब केबल आणि धारित्र संच पुरवठा तोडल्यावरही काही काळ विद्युतभार धरून ठेवतात.

म्हणून कामाचा क्रम ठरलेला असतो. सर्व दिशांचा पुरवठा तोडून ब्रेकर बाहेर काढतात. प्रत्येक तोडण्याच्या जागी कुलूप लावून फलक टांगतात आणि किल्ली काम करणाऱ्याने स्वतःकडे ठेवायची असते. मग दाबदर्शक वापरतात. पण तो आधी ज्ञात भारित जागी, नंतर कामाच्या जागी आणि पुन्हा भारित जागी तपासतात, कारण बिघडलेला दर्शकही 'वीज नाही' असेच सांगतो. तिन्ही फेज निर्विद्युत असल्याची खात्री झाल्यावर भूसंपर्कन स्विच लावतात किंवा डिस्चार्ज रॉड टाकतात. शेवटी शेजारचे भारित कप्पे दोरीने व फलकांनी वेगळे दाखवतात. यानंतरच लेखी परमिट दिले जाते, ज्याला वितरण क्षेत्रात 'लाईन क्लिअर' म्हणतात. परमिट ज्याने घेतले त्यानेच ते परत करायचे असते. 'पाच वाजता लाईन चालू करा' असा वेळ ठरवून केलेला तोंडी करार हा कोणत्याही सुरक्षा पद्धतीत बसत नाही, मग दोन्ही माणसे एकमेकांना कितीही ओळखत असोत.

अंतर्गत प्रज्योत

पॅनलच्या आत फेजांमध्ये किंवा फेज व भूमी यांच्यामध्ये प्रज्योत पेटल्यास तिचे तापमान २०,००० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते. हवा क्षणार्धात प्रसरण पावते आणि तांब्याची वाफ होते. प्रज्योत-वर्गीकृत पॅनलमध्ये हा दाब वरच्या झडपांतून बाहेर सोडण्याची व्यवस्था असते. मानकांतील वर्गीकरण पुढील, बाजूच्या आणि मागील अशा कोणत्या बाजू सुरक्षित आहेत, किती प्रवाह आणि किती वेळ, हे स्पष्ट करते. परंतु ही ग्राह्यता सर्व दारे बंद व बोल्ट लावलेले असतानाच लागू असते. दार उघडून ब्रेकर आत सरकवल्यास या चाचणीचा काही उपयोग राहत नाही. वरच्या झडपांवर केबल ट्रे टाकणे, किंवा खोलीची उंची कमी ठेवणे, हेही वर्गीकरण निष्फळ करते. खोलीचे दार बाहेर उघडणारे असावे आणि आतून कुलूप लागणारे नसावे. पॅनलपुढे भारतीय मानक १५६५२ नुसार निरोधक चटई अंथरतात.

नियमित देखभाल

देखभालीचा मोठा भाग निरीक्षणाचा असतो. चालू भारावर उष्णताचित्रण केल्यास सैल सांधे दिसतात. केबलच्या शेवटावर पांढरी भुकटी, ओझोनचा उग्र वास किंवा सूक्ष्म चरचर ही विसर्गाची चिन्हे होत. पावसाळ्यात पॅनलमधील आर्द्रतारोधक हीटर बंद ठेवणे ही वीजबचत महाग पडते. निरोधकांवर दव साचते आणि उन्हाळ्यातील धूळ त्यावर चिकटून वाहक थर बनतो. ब्रेकरची यंत्रणा दीर्घकाळ न चालवल्यास वंगण घट्ट होते. म्हणून सुट्टीच्या दिवशी तो उघडून-मिटवून, संपर्कांचा काळ मोजून पाहतात. मानकात साधारण ब्रेकरसाठी २,००० आणि जास्त टिकाऊ वर्गासाठी १०,००० यांत्रिक क्रियांची कसोटी आहे.

सर्वाधिक दुर्लक्षित होते ती बॅटरी. रिलेने दोष ओळखला तरी ब्रेकर उघडण्याची ऊर्जा एकदिश प्रवाहाच्या या बॅटरीतून येते. चार्जर बंद असेल आणि कोणी पाहिले नसेल, तर दोष तसाच राहतो आणि वरच्या उपकेंद्रातील ब्रेकर उघडेपर्यंत पॅनल जळत राहते. म्हणून बॅटरीचा दाब केवळ मीटरवर न पाहता प्रत्यक्ष भारावर तपासावा लागतो, आणि ट्रिप मंडलाची सलगता दाखवणारा रिले बसवणे श्रेयस्कर असते.

सल्फर हेक्झाफ्ल्युओराइड असलेल्या रिंग मेन युनिटमध्ये दाबमापक हिरव्या पट्ट्यात आहे ना, एवढेच पाहायचे असते. गळती झाल्यास ते युनिट चालवू नये. प्रज्योतीनंतर या वायूचे विघटन होऊन तयार होणारी भुकटी विषारी असते. हा वायू शंभर वर्षांच्या कालावधीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २३,५०० पट तापमानवाढ घडवतो, म्हणून तो हवेत सोडण्याऐवजी यंत्राने परत गोळा करतात. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून २४ किलोव्होल्टपर्यंतच्या नव्या उपकरणांत त्याचा वापर थांबवण्याचा नियम केला आहे.

कायदेशीर तरतुदी

विद्युत अधिनियम, २००३ आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा व वीज पुरवठा विषयक विनियम (२०१०, नंतर २०२३) हे मुख्य आधार आहेत. नवी मांडणी विद्युतभारित करण्यापूर्वी विद्युत निरीक्षकाची तपासणी व मान्यता अपेक्षित असून काही मर्यादेपर्यंत स्वयंप्रमाणनाची मुभा मिळू शकते. काम अनुज्ञप्तीधारक ठेकेदारानेच करायचे असते. जीवितहानी किंवा इजा झालेल्या विद्युत अपघाताची माहिती २४ तासांत निरीक्षकाला कळवावी लागते. त्याची तपासणी होईपर्यंत उपकरण हलवू नये, जळालेली केबल कापून टाकू नये आणि रिलेवरील नोंदी पुसू नयेत, कारण दोष कोणत्या क्षणी सुरू झाला व ब्रेकर कधी उघडला, हे त्या नोंदींतूनच कळते.