पान्हा : एका शब्दाची कुळकथा

बाळ अंगावर पिऊ लागले की आईचे दूध एकाएकी उतरू लागते, आणि त्या उतरण्याला मराठीत पान्हा म्हणतात. हा शब्द मुळात दुधापेक्षा त्याच्या पाझरण्याचा आहे. म्हणून पान्हा फुटतो, दाटतो, प्रसंगी चोरलाही जातो. पाझरणे या अर्थाच्या ‘स्नु’ या संस्कृत धातूला ‘प्र’ हा उपसर्ग लागून ‘प्रस्नव’ शब्द झाला, प्राकृतात त्याचे ‘पण्हव’ झाले, आणि पुढे मराठीत पहिला स्वर दीर्घ होऊन, शेवटचा ‘व’ गळून ‘पान्हा’ उरला. शेजारच्या गुजरातीतला ‘पानो’ याच कुळातला असून तो वीरश्रीच्या उसळीलाही लावला जातो.

‘स्न’ आणि ‘ष्ण’ या जोडाक्षरांचे प्राकृतात ‘ण्ह’ किंवा ‘न्ह’ होते, आणि या एकाच नियमाने स्नानाचे न्हाण, तृष्णेची तहान व कृष्णाचा कान्हा झाला. या नियमाचा दगडात कोरलेला पुरावा नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत आहे. तेथील 19 व्या लेण्यातील लेखात, सातवाहन कुळातील राजाच्या कारकिर्दीत नाशिकच्या एका महामात्राने, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याने, ते लेणे करविल्याची नोंद असून राजाचे नाव ‘कृष्ण’ असे नव्हे, तर ‘कन्ह’ असे कोरलेले आहे. हा लेख सामान्यतः इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. त्यात पान्ह्याचा उल्लेख अर्थातच नाही. परंतु ज्या उच्चारातून तो शब्द घडला, तो राजाच्या नावातही रूढ झाला होता, एवढे त्यावरून दिसते.

शब्दाचा अर्थ घरात जितका, तितकाच गोठ्यातही टिकला. धार काढण्यापूर्वी वासराला क्षणभर आचळाला लावतात, कारण त्याशिवाय गाय पान्हावत नाही, आणि परका हात लागला तर ती पान्हा चोरते, म्हणजे कासेत दूध असूनही सोडत नाही. दूध तयार होणे आणि दूध उतरणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे गुराख्याला शरीरशास्त्राच्या आधीपासून ठाऊक होते. शरीरशास्त्रानुसार पहिली क्रिया प्रोलॅक्टिन या संप्रेरकावर अवलंबून असते. दुसरीत बाळाच्या चोखण्याची संवेदना मेंदूपर्यंत जाऊन ऑक्सिटोसिन रक्तात उतरते आणि दुधाच्या ग्रंथींभोवतीच्या पेशी आकुंचन पावतात. हे संप्रेरक 1953 मध्ये प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या व्हिन्सेंट द्यू विन्यो यांना 1955 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. बाळाच्या स्पर्शाने, दर्शनाने, नुसत्या आठवणीनेही दूध स्रवते आणि त्यामागे अखंड स्नेह असतो, हे निरीक्षण सुश्रुतसंहितेत आहेच. बाळाच्या रडण्याने बाळंतिणीचा पदर भिजतो, तो याच क्रियेमुळे.

मात्र त्याच संहितेत दूध प्रसूतीनंतर तिसऱ्या किंवा चौथ्या रात्री सुरू होते असे मानले असून, तोवर बाळाला मध-तूप चाटवण्यास सांगितले आहे. आजचे वैद्यक याच्या नेमके उलट, पहिल्या तासातच अंगावर पाजण्याचा आणि सहा महिने वरचे काहीही न देण्याचा सल्ला देते. त्या पहिल्या दिवसांतले दाट, पिवळसर दूध त्याच ऑक्सिटोसिनच्या क्रियेने उतरते, तरी मराठीने त्याला ‘चीक’ हे वेगळे नाव ठेवले, जे झाडाच्या पांढऱ्या रसालाही लागते आणि व्यालेल्या गाईच्या पहिल्या दुधालाही, ज्याचा खरवस होतो.