पंजाब मेलने रावळपिंडीला

तुम्ही भुसावळच्या फलाटावर उभे आहात आणि साल आहे 1942. इंजिनांच्या कोळशाचा धूर नाकात बसलाय. दीपनगरच्या वीजकेंद्राची धुराडी अजून उभी राहायची आहेत, वरणगावला दारूगोळ्याचा कारखाना यायला वीसेक वर्षं आहेत. जिल्ह्याचं नावही जळगाव नाही, पूर्व खान्देश आहे. धुळ्याकडचा तो पश्चिम खान्देश. 1936 च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याच्या गोष्टी अजून पारावर निघतात. तुम्ही मात्र खाकीत आहात. भरतीवाल्यांनी छाती मोजली, डोळे तपासले, अंगठा घेतला. पगाराची मनिऑर्डर घरी जाणार, सावकाराचं तोंड बंद होणार. मायने एवढाच हिशेब केला आणि दशमीचं गाठोडं हातात दिलं.

पंजाब मेल येते. 1912 पासून धावणारी ही गाडी इटारसी, झाशी, दिल्ली, लाहोर करत थेट पेशावरला जाते. साहेबलोकांसाठी सुरू झालेल्या या गाडीला तिसऱ्या वर्गाचे डबे लागून अजून दहा वर्षंही झालेली नाहीत. पेशावरच्या अलीकडे रावळपिंडी लागते. तुम्हाला तिथे उतरायचंय.

छावणीत एके सकाळी नावं पुकारली जातात. कशासाठी, हे विचारायची फौजेत रीत नाही. चल म्हटलं की चालायचं. तुमच्या अंगावर हाफपँट आणि सुती सदरा आहे. तोंडावर रबरी मास्क चढवतात, पट्टे आवळतात. पुढे बंद खोली. आत गेलात की दार लागतं.

तुम्ही आजच्या काळातून आला आहात, म्हणून शेजारच्या शिपायाला ठाऊक नसलेलं तुम्हाला ठाऊक आहे. मास्क चढवणारे हे साहेब इंग्लंडातल्या पोर्टन डाऊनचे शास्त्रज्ञ आहेत. ती प्रयोगशाळा 1916 मध्ये विषारी वायूंच्या लढाईसाठीच उघडली. रावळपिंडीतले प्रयोग 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला चालू झाले आणि दहा वर्षांहून जास्त चालले. शेकडो हिंदी शिपाई त्यांतून गेले. साहेबांना दोन गोष्टी हव्या आहेत: मस्टर्ड गॅसने हिंदी कातडी गोऱ्या कातडीपेक्षा जास्त भाजते की कमी, आणि रणांगणावर माणूस मारायला तो किती लागतो. 1925 च्या जिनीव्हा कराराने असे वायू लढाईत वापरायला बंदी घातली होती. ब्रिटनने 1930 मध्ये त्याला मान्यताही दिली. पण करारात बंदी होती ती वापराला. ते बनवायला नव्हती, साठवायला नव्हती आणि स्वतःच्याच शिपायावर अजमावून बघायलाही नव्हती.

मस्टर्ड गॅस हा खरं तर गॅस नाही. ते तेलकट द्रव आहे, त्याची वाफ पसरते. मास्क थोडा सैल असेल तर वास कळतो, ठेच्यात रगडलेल्या लसणासारखा. डोळ्यांत पाणी नाही, आग नाही, खोकला नाही. ठरलेली मिनिटं भरतात, दार उघडतं, तुम्ही बाहेर येता. मनात म्हणता, "काहीच नही व्हयनं भो."

इथेच हे विष फसवतं. पेशींशी त्याची गाठ पहिल्या काही मिनिटांतच पडलेली असते, दुखणं मात्र काही तासांनी वर येतं. रात्री मांड्या लाल होतात. पहाटेपर्यंत काखेत, जांघेत, गुडघ्यामागे, म्हणजे जिथे घाम साचतो तिथे, पिवळट पाण्याने भरलेले फोड टरारतात. शेजारच्या शिपायाचा मास्क खोलीत घसरला होता. त्याचे डोळे सुजून मिटलेत, चेहरा भाजलाय. ही घटना तुमच्यासारखी कल्पनेतली नाही; तशी नोंद कागदोपत्री आहे. 1942 च्याच अहवालात शास्त्रज्ञ लिहितात की हिंदी आणि गोऱ्या, दोन्ही शिपायांना मोठ्या संख्येने भाजलं. काहींना इस्पितळात ठेवावं लागलं. भाजलेल्यांचे हाल आणि त्यांची खचलेली मनंही त्या अहवालात आहेत.

फोड सुकतात. लढाई संपते. नाव कटतं आणि तुम्ही त्याच रुळांवरून परत भुसावळला उतरता.

आता 1960 सालात या. तुमचं वय चाळिशीचं. कपाशीच्या वावरात चार पावलं चाललं की दम लागतो, हिवाळाभर खोकला हटत नाही. तालुक्याचा डॉक्टर विचारतो, "बिडी ओढता?" तुम्ही हो म्हणता. त्याच्या कागदावर बिडी लिहिली जाते, रावळपिंडी लिहिली जात नाही. मस्टर्ड गॅसने श्वासनलिका कायमची बिघडते, डोळ्यांचं दुखणं कित्येक वर्षांनी उलटतं, कर्करोगही होऊ शकतो. हे आज वैद्यकशास्त्राने पक्कं केलंय. 1980 ते 1988 च्या युद्धात इराकने टाकलेल्या याच विषाने बाधलेले इराणी सैनिक अजूनही उपचार घेताहेत. पण रावळपिंडीच्या शिपायांना पुढे काय झालं, हे बघायला कुणी गेलंच नाही. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारातले हे कागद 2007 मध्ये गार्डियन वर्तमानपत्राने उजेडात आणले, तेव्हा हेही कळलं.

पोर्टन डाऊनच्या गोऱ्या शिपायांचं काय झालं, तेही बघा. रोनाल्ड मॅडिसन हा वीस वर्षांचा हवाई दलातला तरुण 1953 मध्ये तिथे सरिन या विषाच्या प्रयोगात मेला. 2004 मध्ये त्याच्या मृत्यूची चौकशी पुन्हा झाली आणि तो बेकायदा घडवलेला मृत्यू ठरला. 2008 मध्ये ब्रिटिश सरकारने 360 माजी सैनिकांना मिळून 30 लाख पौंड दिले. त्यांच्याजवळ कागद होते, संघटना होती, वकील होते. रावळपिंडीहून परतलेल्यांजवळ बिडीचं निदान होतं.

स्वतंत्र भारताने 1997 मध्ये आपल्याकडे 1044 टन सल्फर मस्टर्ड असल्याचं जाहीर केलं आणि मार्च 2009 पर्यंत ते सगळं नष्ट केलं. म्हणून सैनिकाच्या अंगाला रसायन लागायचं थांबलं असं नाही. दारूगोळा, इंधन, रंग, कीटकनाशकं, धूर यांच्याशी त्याचा रोज संबंध येतो. अपंगत्वाच्या पेन्शनचा प्रश्न येतो तेव्हा मेडिकल बोर्ड एकच विचारतं: आजार सेवेमुळे झाला, किंवा सेवेमुळे वाढला, असं म्हणता येतं का? सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेतच जडला असं धरून चालावं. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. निकाल झाला तोही नोंदीवरच.

तेव्हा तुमच्या घरात कुणी फौजी असेल, तर या आठवड्यात त्यांच्याजवळ बसा. कुठल्या ठाण्यावर होते, काय हाताळलं, कशाचा वास आला, एमएचमध्ये, म्हणजे लष्करी इस्पितळात, कधी आणि कशासाठी होते, हे सालवार लिहून काढा. डिस्चार्ज बुक आणि मेडिकलचे कागद त्याला जोडा, दोन प्रती काढा. एक प्रत उपचार करणाऱ्या डॉक्टरला द्या. दुसरी घेऊन जळगावच्या किंवा धुळ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि पेन्शनचा दावा बसतो का, ते विचारा.