पाकिटबंद पदार्थांकडून घरगुती सकस आहाराकडे

महानगर असो वा तालुक्याचे गाव, भारतीय स्वयंपाकघराच्या फडताळात गेल्या तीन-चार दशकांत मोठा बदल घडून आला आहे. डाळ-तांदळाच्या डब्यांशेजारी झटपट नूडल्स, बिस्किटे, वेफर्स, सॉस, गोड पेये आणि तयार मिश्रणे यांच्या पाकिटांनी जागा मिळविली आहे. या पाकिटांवरील अवलंबन कमी करून साध्या, ताज्या आहाराकडे वळावे, असा विचार आज अनेक कुटुंबे करीत आहेत. ‘क्लीन ईटिंग’ या नावाने ही कल्पना सर्वत्र परिचित झाली आहे. मात्र पहिल्या आठवड्यातील उत्साह तिसऱ्या आठवड्यापर्यंत ओसरतो, असाच बहुतेकांचा अनुभव असतो. त्याचे कारण इच्छाशक्तीच्या अभावापेक्षा नियोजनाच्या आणि घरातील श्रमविभागणीच्या अभावात अधिक आढळते.

बदलाची गरज

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२२-२३ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार पेये, अल्पोपाहार व प्रक्रिया केलेले अन्न या गटावर ग्रामीण भागात एकूण मासिक खर्चाच्या सुमारे ९.६ टक्के, तर शहरी भागात सुमारे १०.६ टक्के रक्कम खर्च होत होती. या गटात बाहेरील चहा-नाश्ता व जेवणही समाविष्ट आहे, हे लक्षात घ्यावे लागेल. तरीही तृणधान्यांवरील खर्चाचे प्रमाण ग्रामीण भागात ५ टक्क्यांच्या आत आणि शहरी भागात ४ टक्क्यांच्या आत होते, ही तुलना बोलकी आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख व्यक्तींना मधुमेह असून १३ कोटी ६० लाख व्यक्ती मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी १७ आहारविषयक मार्गदर्शक सूत्रे जाहीर केली. देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहाराशी निगडित असल्याचा अंदाज त्यावेळी मांडण्यात आला. अतिप्रक्रियायुक्त तसेच मेद, साखर व मीठ अधिक असलेले पदार्थ कमीत कमी खावेत आणि वेष्टनावरील माहिती वाचून खरेदी करावी, या दोन्ही गोष्टींचा या सूत्रांत समावेश आहे.

प्रत्येक प्रक्रिया घातक नसते

धान्य दळणे, दूध तापविणे, दही विरजणे, कडधान्यांना मोड आणणे याही प्रक्रियाच आहेत. त्यामुळे सरसकट सर्व प्रक्रिया केलेले अन्न वर्ज्य मानणे योग्य नाही. ब्राझीलमधील साओ पावलो विद्यापीठाचे संशोधक कार्लोस मोंतेइरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ पासून विकसित केलेले ‘नोव्हा’ वर्गीकरण या बाबतीत उपयुक्त ठरते. त्यात अन्नाचे चार गट मानले आहेत.

पहिल्या गटात फळे, भाज्या, धान्ये, डाळी, दूध, अंडी, मासे असे मूळ रूपातील किंवा अल्प प्रक्रिया केलेले अन्न येते. दुसऱ्या गटात तेल, तूप, साखर, गूळ, मीठ असे स्वयंपाकाचे घटक आहेत. पहिल्या गटातील अन्नात दुसऱ्या गटातील घटक मिसळून तयार केलेले पनीर, लोणचे, मुरांबा यांसारखे पदार्थ तिसऱ्या गटात मोडतात. चौथा गट अतिप्रक्रियायुक्त पदार्थांचा आहे. घरच्या स्वयंपाकात सहसा न वापरले जाणारे घटक, उदाहरणार्थ कृत्रिम स्वाद, रंग, पायसीकारके, ग्लुकोज सिरप, प्रथिनांचे अर्क, या पदार्थांत असतात. गृहिणीच्या भाषेत सांगायचे तर ज्या पदार्थाचे निम्मे घटक आपल्या मिसळणाच्या डब्यात वा कोठीत कधीही सापडणार नाहीत, तो पदार्थ बहुधा चौथ्या गटातील समजावा.

अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २० व्यक्तींना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे अल्पप्रक्रियायुक्त आहार देण्यात आला. दोन्ही आहारांत वाढलेले उष्मांक, साखर, मेद, मीठ व तंतू यांचे प्रमाण सारखे ठेवून हवे तितके खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रियायुक्त आहाराच्या काळात या व्यक्तींनी दररोज सुमारे ५०० उष्मांक अधिक घेतले व त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोग्रॅमने वाढले. दुसऱ्या आहारावर ते जवळपास तितकेच घटले. प्रयोग लहान व अल्पकालीन असला, तरी अशा पदार्थांमुळे नकळत अधिक खाल्ले जाते, हे त्यातून स्पष्ट झाले.

वेष्टन कसे वाचावे?

वेष्टनाच्या दर्शनी भागावरील ‘पौष्टिक’, ‘बहुधान्य’, ‘नैसर्गिक’ अशा शब्दांपेक्षा मागील बाजूवरील बारीक अक्षरांतील मजकूर महत्त्वाचा असतो. घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने देणे बंधनकारक आहे. बहुधान्य बिस्किटांच्या यादीत पहिले नाव मैद्याचे व दुसरे साखरेचे असेल, तर नाचणी वा ओट्सचा उल्लेख नाममात्र समजावा. साखर ही ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप अशा नावांनीही आढळते.

भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांत दररोजच्या २,००० उष्मांकांच्या आहारासाठी ५० ग्रॅम अतिरिक्त साखर, २२ ग्रॅम संपृक्त मेद व २,००० मिलिग्रॅम सोडियम ही प्रमाणे हिशेबासाठी आधारभूत मानली आहेत. २,००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, अर्थात एक लहान चमचा मीठ. समजा, एखाद्या पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये १,००० मिलिग्रॅम सोडियम आहे व पाकीट ७० ग्रॅमचे आहे. ते संपूर्ण खाल्ल्यास ७०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे दिवसभराच्या मर्यादेचा एक तृतीयांशाहून अधिक भाग एकाच वेळी पोटात जातो. त्याचप्रमाणे १०० मिलिलिटरमागे ११ ग्रॅम साखर असलेल्या पेयाचा २५० मिलिलिटरचा पेला म्हणजे सुमारे साडेपाच चमचे साखर होय.

मुलांच्या दुधात घालावयाच्या पुडींबाबतही हीच दक्षता घ्यावी. देशाच्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘आरोग्य पेय’ अशी व्याख्याच नसल्याने अशी उत्पादने त्या विभागातून काढावीत, असा सल्ला केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्री संकेतस्थळांना दिला होता.

सहा आठवड्यांचा क्रम

सर्व पाकिटे एका दिवसात घराबाहेर काढल्यास घरात कुरबुर सुरू होते आणि पैसाही वाया जातो. टप्प्याटप्प्याने बदल करणे अधिक हिताचे ठरते.

पहिला आठवडा: केवळ नोंद ठेवावी. कोणता पदार्थ, कोणी, कोणत्या वेळी व कोणत्या कारणाने खाल्ला, हे वहीत लिहावे. सायंकाळी सहाला भूक लागते म्हणून बिस्किटे संपतात की सकाळी वेळ नसतो म्हणून नूडल्स शिजतात, याचा उलगडा त्यातून होतो.

दुसरा आठवडा: पेयांपासून आरंभ करावा, कारण यात स्वयंपाकाचे काम फारसे वाढत नाही. बाटलीबंद पेये व डबाबंद रसांऐवजी पाणी, ताक, लिंबूपाणी, कोकमाचे सार, शहाळे यांची सवय लावावी. रसापेक्षा सबंध फळ खाणे केव्हाही श्रेयस्कर. घरच्या सरबतातही साखर मोजूनच घालावी.

तिसरा व चौथा आठवडा: न्याहारी व मधल्या वेळचे खाणे बदलावे. पोहे, उपमा, थालीपीठ, धिरडी, उकडलेली अंडी, मोडांची उसळ हे न्याहारीचे पर्याय आहेत. भाजलेले चणे, शेंगदाणे, ज्वारीच्या लाह्या व खजूर यांचे डबे मुलांच्या हाताला येतील अशा ठिकाणी ठेवावेत. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या कुटुंबांनी स्थानिक धान्यांचा लाभ घ्यावा. बंगळूरमध्ये नाचणी, बडोद्यात बाजरी, इंदूरमध्ये ज्वारी व मका, तर पाटण्यात सत्तू सहज मिळते. जवळच्या बाजारात मिळणारे धान्य स्वस्त पडते व घरात टिकून राहते.

पाचवा व सहावा आठवडा: स्वयंपाकातील तयार घटकांकडे वळावे. सॉसऐवजी कोथिंबीर-पुदिन्याची वा जवसाची चटणी, तयार ग्रेव्हीऐवजी कांदा-टोमॅटोचे वाटण, तयार मसाल्याच्या पुडीऐवजी घरचा गोडा वा काळा मसाला वापरता येतो. तळणीचे तेल पुन:पुन्हा तापवू नये.

ताट कसे असावे, याचा आदर्श राष्ट्रीय पोषण संस्थेने दिला आहे. प्रौढ व्यक्तीच्या २,००० उष्मांकांच्या दैनंदिन आहारात सुमारे २५० ग्रॅम तृणधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ८५ ग्रॅम डाळी, अंडी वा मांस, ३५ ग्रॅम सुकामेवा व तेलबिया, २७ ग्रॅम तेल-तूप आणि ३०० मिलिलिटर दूध किंवा दही असावे, असे त्यात सुचविले आहे. केवळ पाकिटे बंद करून ताटात भाताचा ढीग तसाच राहिला, तर अपेक्षित लाभ होणार नाही.

श्रमाची वाटणी

पाकिटबंद पदार्थ घरात आले ते केवळ चवीमुळे नव्हे. नोकरी, लांबचा प्रवास आणि अपुरा वेळ यांवर तो एक तोडगा होता. तो काढून घेताना त्याची जागा कोण भरून काढणार, याचे उत्तर आधी शोधावे लागते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील विनावेतन कामे करणाऱ्या महिला त्यासाठी दररोज सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. आहारबदलाचा संपूर्ण भार पुन्हा एकाच व्यक्तीवर पडला, तर तो बदल टिकणे कठीण होते आणि टिकला तरी तो अन्यायाचा ठरतो.

म्हणून कामांची वाटणी निश्चित करावी. सुटीच्या दिवशी बाजारहाट व भाज्या निवडणे एकाने करावे. रात्री कडधान्ये भिजविणे, सकाळी ती उपसून बांधून ठेवणे दुसऱ्याने पाहावे. मटार सोलणे, लसूण निवडणे, ताक घुसळणे ही कामे मुलेही आनंदाने करतात, आणि स्वत: हातभार लावलेला पदार्थ ती सहसा नाकारीत नाहीत. भाजणी, मेतकूट, भाजलेला रवा, इडलीचे पीठ ही आपल्याकडील पूर्वापार ‘झटपट’ मिश्रणेच आहेत. महिन्यातून एकदा भाजणी दळून आणली, तर थालीपीठ पंधरा मिनिटांत होते. एकट्याने राहणाऱ्यांसाठी भाज्या घातलेली मुगाची खिचडी व सोबत दही हे पूर्ण जेवण एका भांड्यात तयार होते. गोठविलेले वाटाणे, पाश्चरीकृत दूध, साधे पनीर यांचा उपयोग करण्यात कोणताही कमीपणा मानू नये.

घ्यावयाची दक्षता

घरी केलेला प्रत्येक पदार्थ आपोआप हितकारक होत नाही. पापड, लोणची, सांडगे यांत मीठ अधिक असते, तर चकली-शेव तळलेली असते. त्यांचे स्थान ताटाच्या डाव्या बाजूला आहे व प्रमाणही तितकेच असावे. गूळ, मध वा खडीसाखर ही शर्कराच होय. मधुमेही व्यक्तींनी तिचा वेगळा विचार करू नये.

ताज्या अन्नात परिरक्षके नसल्याने ते लवकर खराब होते. शिजविलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये व शीतकपाटाचे तापमान ५ अंश सेल्सिअसच्या आत असावे. बुरशी आलेले शेंगदाणे वा धान्य निवडून वापरण्याऐवजी टाकून द्यावे. आयोडीनयुक्त मिठाचा त्याग करू नये, कारण त्यातील आयोडीन गलगंडासारख्या विकारांपासून संरक्षण देते. निर्जंतुक न केलेले कच्चे दूध ‘नैसर्गिक’ म्हणून पिऊ नये. मधुमेह, उच्च रक्तदाब वा मूत्रपिंडाच्या विकारांवर औषधे घेणाऱ्यांनी आहारात मोठा बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक आहे. विशेषत: कमी सोडियमच्या पर्यायी मिठात पोटॅशियम असल्याने मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ते परस्पर वापरू नये.

मुलांच्या बाबतीत बंदीपेक्षा मर्यादा उपयुक्त ठरते. वाढदिवसाचा केक वा प्रवासातील वेफर्सचे पाकीट यांमुळे बिघडत नाही. बिघडते ते रोजच्या सवयीने. अन्नाला ‘चांगले’ व ‘वाईट’ असे शिक्के मारून मुलांच्या मनात अपराधी भावना निर्माण करणेही टाळावे.

सहा आठवड्यांच्या अखेरीस पहिल्या आठवड्यातील वही पुन्हा उघडून पाहावी. पाकिटांची संख्या निम्म्यावर आली असेल, तर तो मोठाच पल्ला म्हणावा लागेल. त्याच वेळी आणखी एक प्रश्न घरातील सर्वांनी मिळून विचारावा. या काळात स्वयंपाकघरात कोणाचा वेळ किती वाढला? या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक असेल, तरच हा बदल पुढील सहा महिने आणि त्यानंतरही टिकून राहील.