पेटी हद्दपार होते

१ मार्च १९४० पासून हिंदुस्थान सरकारच्या रेडिओवर पेटी वाजवायला बंदी झाली. तिकडे युरोपात महायुद्ध पेटलेलं, हिटलर पोलंड गिळून पुढच्या घासाकडे बघत बसलेला, आणि इकडे दिल्लीत साहेबाला बंदोबस्त करावासा वाटला तो कुणाचा? तर पेटीचा. दारूगोळ्याच्या नव्हे हो, बाजाच्या पेटीचा. भाता हलवला की 'सा' म्हणणाऱ्या त्या लाकडी खोक्याचा.

सरकार अनेक गोष्टींवर बंदी घालतं. पुस्तकांवर घालतं, सभांवर घालतं, गोटा फुटला की मिरवणुकांवर घालतं. पण वाद्याला हद्दपार करायचं आणि तेही रेडिओच्या हद्दीतून, म्हणजे मुळात जिथे ते कुणाला दिसणारच नाही तिथून, हे जरा नवलच होतं. आणि हा हुकूम पाच-सहा महिन्यांत विसरला गेला असंही नाही. साहेब गेला, स्वराज्य आलं, संस्थानं गेली, पेटीची हद्दपारी मात्र १९७१ सालापर्यंत टिकली. एकतीस वर्षं! जन्मठेपेचा कैदीसुद्धा एवढ्या अवधीत बहुधा सुटून घरी येतो.

हुकमामागचे साहेब होते लायनेल फील्डन. १९३५ साली ते बीबीसीतून इकडे रेडिओचे मुख्य म्हणून आले. पेटीचा त्यांना मनापासून तिटकारा. त्यांच्या जोडीला दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख म्हणून जॉन फोल्ड्स नावाचे संगीतकार होते. त्यांनी १९३८ साली रेडिओच्याच इंग्रजी पाक्षिकात पेटीविरुद्ध लेख लिहिला. 'हार्मोनियम' या शब्दातला 'हार्म' वेगळा तोडून शीर्षकातच कोटी केली होती. इंग्रजीत हार्म म्हणजे इजा. कोटी करायची हौस फक्त मराठी लेखकांनाच असते हा समज यामुळे माझ्यापुरता दूर झाला. बिचारे फोल्ड्स बंदी बघायला राहिले नाहीत. १९३९ साली कलकत्त्यात ते पटकीने गेले.

आता यातली गंमत बघा. पेटी आणली कुणी? साहेबाने. मिशनऱ्यांच्या सामानातून ती इथे उतरली. मग आपण ती मांडीशी ओढून घेतली, तेव्हा साहेबच म्हणाला, "अरे अरे, हे तुमचं नव्हे! तुमची सारंगी कुठे आहे?" पाहुण्याने घरात खुर्ची आणावी आणि घरचा म्हातारा तिच्यावर टेकला की "पाट कुठे गेला तुमचा?" म्हणून दरडवावं, तसला प्रकार. बरं, एकटा साहेबच नव्हे. १९४० च्या जानेवारीत खुद्द रवींद्रनाथ टागोरांनी कलकत्ता केंद्राला पत्र लिहून पेटी बंद करण्याची बाजू घेतली. रवींद्रनाथांपुढे कोण बोलणार? बंगाली घराघरांतून मात्र त्यांचीच गाणी पेटीवर चालू राहिली.

पेटीवरचा आरोप खोटा होता का? तर नव्हता. आपला गवई एका सुरावरून दुसऱ्या सुरावर पायऱ्या मोजत जात नाही, घसरत जातो. त्याला मींड म्हणतात. पेटीची पट्टी म्हणजे जिन्याची पायरी. पाय या पायरीवर तरी किंवा त्या पायरीवर तरी, अधेमधे कडेलोट. दुसरी भानगड सुरांची. पियानोवाल्यांनी सप्तकाचे बारा सारखे भाग पाडले, ताटात वड्या पाडाव्यात तसे. आपले सूर असे सुरीने कापलेले नसतात. पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. किती चढा? आमच्यासारख्याला पत्ता लागणार नाही इतका, आणि अस्सल गवयाच्या कपाळावर आठी उठेल इतका.

ही आठी घालवायचा प्रयत्न आपल्याकडे फील्डनसाहेबांच्या फार आधी झाला होता, आणि तो सांगलीच्या एका पेन्शनराने केला होता. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. पेन्शनीत निघाल्यावर माणसं पोथी वाचतात, सकाळी फिरायला जातात, सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. देवल श्रुती मोजायला बसले. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले सूर त्यांनी मापले, जन्मभर जमिनी मापल्या तसे. १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. मग क्लेमंट्स नावाचे एक डिस्ट्रिक्ट जज्ज त्यांना सामील झाले आणि दोघांनी मिळून लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून खास श्रुतींची पेटी बनवून आणली. डेप्युटी कलेक्टर आणि जज्ज एकत्र आल्यावर सुरांची काय बिशाद होती! पण १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे ही पेटी मांडली गेली आणि पंडित भातखंड्यांसारख्या जाणत्यांना ती काही पटली नाही. कलेक्टरच्या मोजणीवर अपील झालं आणि अपिलात पेटी हरली.

खरं तर पेटीची जात शोधायला गेलं तर साहेबाचाही हक्क डळमळतो. पॅरिसच्या दबँ नावाच्या कारागिराने १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं हे खरं. पण तिच्या पोटातली पितळी जीभ, जी वाऱ्याने थरथरते आणि जिला आपण नुसतं 'सूर' म्हणतो, तिची युक्ती मूळची पूर्वेकडची. चीनमध्ये 'शंग' नावाचं फुंकायचं वाद्य फार जुनं आहे. ती कल्पना अठराव्या शतकात युरोपात गेली. म्हणजे पेटी परकी नव्हेच, नुसती फॉरेन रिटर्न! पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी पायाने मारायचा भाता मागच्या बाजूला हाताशी आणून बसवला, आणि खुर्चीवरची मडम सतरंजीवर मांडी घालून बसली. त्यानंतर तिला परकी म्हणणं म्हणजे बटाट्याला उपासातून काढण्यासारखं आहे. तोही फिरंग्याबरोबरच आला.

महाराष्ट्रात तर ती नाटकाच्या रंगमंचापुढून थेट घरात शिरली. गोविंदराव टेंब्यांनी भास्करबुवा बखल्यांची साथ केली, १९११ साली 'मानापमान'च्या चाली दिल्या, १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' बोलपटात हरिश्चंद्राचं काम केलं, आणि हे सगळं करूनही लोकांच्या तोंडी राहिलं ते "टेंब्यांची पेटी" म्हणून. नाटक बघून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी घरी ती चाल शोधणार, तर सारंगीवर शोधणार आहे का? सारंगी वश व्हायला दहा वर्षं लागतात. पेटी पहिल्या दिवशी निदान सूर तरी देते. पुढचं आपल्या नशिबावर.

आमच्या साताऱ्याच्या घरी अशी एक पेटी होती. ती आमच्या नानांची, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची. नाना कचेरीत कारकून. संध्याकाळी घरी आले, चहा झाला, की पेटी. त्यांची कीर्ती गावात होती ती मैफलींपेक्षा मुली दाखवण्याच्या कार्यक्रमांत. पाहुणे पोहे खाता खाता विचारणार, "मुलगी गाते का?" की तिच्या आईचा निरोप आधीच नानांकडे आलेला असायचा. मुलगी घाबरून वर निसटली की नाना भात्याचा जोर वाढवायचे, अंतऱ्यात दम तुटला की स्वतःच एक तान भरून तिला श्वास घ्यायला सवड द्यायचे. पाहुणे माना डोलावत. आळीतली डझनभर लग्नं नानांच्या भात्यावर जमली असं आजी सांगायची. लग्नानंतर त्यातली एकही मुलगी गायली नाही हा भाग वेगळा.

आणि मग घरात रेडिओ आला. त्याला तेव्हा लायसन लागे, दर वर्षी पोस्टात पैसे भरून ते नवं करावं लागे. लायसन अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावावर. रात्री शास्त्रीय संगीत लागलं की नाना पेटी उचलून रेडिओसमोर आणून ठेवायचे. निवेदिका सांगायची, तबल्यावर अमुक, सारंगीवर तमुक. ती थांबली की नाना खाकरून म्हणायचे, "आणि पेटीवर..." एवढंच. नाव घ्यायचे नाहीत. मग "काळी एक" असं पुटपुटत सूर धरायचे आणि साथ सुरू. दिल्लीने बाहेर काढलेली पेटी आमच्या माजघरातून परत रेडिओत घुसायची. गवई कोण आहे याची नानांना क्षिती नसे. कितीही थोर असो, नाना अर्धा क्षण मागे राहून त्याची जागा हुबेहूब घेऊन दाखवत. एकदा तर गवयाने जी तान घेतली तिच्यापेक्षा बरी तान नानांनी घेतली आणि रेडिओकडे बघून "हं?" केलं.

आजीला यात भलतीच काळजी. ती दारातून म्हणायची, "नाना, जरा हळू रे. लायसन अण्णाच्या नावावर आहे."

मला अजूनही वाटतं, त्या एकतीस वर्षांत पेटीवाल्यांनी जे सोसलं त्याचा जमाखर्च कुणी नीट मांडलेला नाही. आपला माणूस खुर्चीवर आला म्हणून काही फरक पडला असंही नाही. १९५२ पासून दहा वर्षं नभोवाणी खातं सांभाळणारे डॉ. बाळकृष्ण केसकर जन्माने पुणेकर. त्यांनी पेटी तर आत घेतली नाहीच, उलट सिनेमाची गाणीही बाहेर काढली. मग ती गाणी सिलोनला गेली आणि बुधवारी रात्री बिनाका गीतमालेच्या रूपाने समुद्रावरून परत येऊ लागली. कव्वाली लागली की तिच्यात पेटी खणखणीत वाजायची. नाना सिनेमाला नाकं मुरडणारे, पण त्या वेळी कान टवकारत. आकाशवाणीला १९५७ साली 'विविध भारती' काढून गाणी परत आणावी लागली. पेटीसाठी मात्र कुणी सिलोनला गेलं नाही. आणि कळस म्हणजे १९५५ पासून काही काळ पुणे केंद्रावर नोकरीला होते कोण? पु. ल. देशपांडे! ज्यांची बोटं पेटीवर पडली की मैफल हलायची नाही, ते गृहस्थ पेटीला मज्जाव असलेल्या कचेरीत रोज कामाला जात होते. हलवायाला मधुमेहाच्या दवाखान्यात नेमावं तसं.

१९७१ साली अखेर बंदी अंशतः उठली, साथीपुरती पेटी आत आली. पण ते वर्ष असलं की बातमीकडे लक्ष कुणाचं जाणार! 'गरिबी हटाव'ची निवडणूक, वेस्ट इंडीजमध्ये गावसकरच्या ७७४ धावा, इंग्लंडमध्ये वाडेकरचा विजय, डिसेंबरात बांगला देशचं युद्ध. आमच्याकडे ही बातमी कचेरीतल्या कुणीतरी नानांच्या कानावर घातली. आम्हा मुलांना वाटलं, आता पेढे. नाना तेव्हा साठीच्या पलीकडे गेलेले. त्यांनी भाता लावून टाकला, झाकण बसवलं आणि म्हणाले, "मग आता सारंगीवाल्यांचं कसं व्हायचं?"

आम्हाला काही कळलं नाही. पण नानांना बरोबर कळलं होतं. त्या तीस वर्षांत देशभरच्या केंद्रांवर सारंगीवाल्यांना पगारी नोकऱ्या मिळाल्या होत्या. मैफलींतून पेटीने त्यांना केव्हाच हुसकायला घेतलं होतं, रेडिओने तेवढा आसरा दिला. रात्री ज्यांच्याशी नाना रेडिओसमोर बसून झटापट करत, त्या सारंगीवाल्यांची नावं त्यांना पाठ होती. पुढे झालंही तसंच. आज ख्यालाच्या बैठकीला जा, गवयाच्या डाव्या हाताला पेटी असणार. सारंगी दिसली तर लोक फोटो काढतात.

नानांची पेटी आता माझ्याकडे आहे. मधल्या काळात उंदरांनी भात्याचं कातडं खाल्लं, दोन सूर मुके झाले. मुंबईकडे डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची नवी पेटी तयार केल्याचं वाचलं तेव्हा देवलांचा आत्मा निवला असेल असं वाटून मी ते सगळं आमच्या हिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "आपल्या पेटीत आधी बारा तरी वाजू देत."

पुढे २०२२ साली अमृतसरहून बातमी आली. अकाल तख्ताच्या जथेदारांनी सांगितलं की सुवर्णमंदिरातल्या कीर्तनातून पेटी तीन वर्षांत हळूहळू बंद करावी, ती इंग्रजांनी आणलेली आहे, जुनी तंतुवाद्यं परत आणावीत. मी बातमी मोठ्याने वाचून दाखवली. फील्डनसाहेबांपासून सगळा इतिहास पुन्हा एकदा सांगणार, तेवढ्यात हिने चष्मा कपाळावर सारला.

"अहो," ती म्हणाली, "तिथल्या पेट्या मग विकायला काढतील का? एखादा भाता स्वस्तात मिळतो का विचारा."