माथ्यावरची पट्टी

रायपूरच्या एखाद्या कुळकर्ण्याने स्वतःच्या वेबसाइटसाठी बॅनर करायला घेतला, की पहिली अडचण आडनावातच येते. ‘कु’चा उकार खाली उतरतो, ‘र्णी’चा रफार आणि वेलांटी वर चढतात. रोमन लिपीतलं नाव ज्या उंचीत ऐसपैस बसतं, तिथे या नावाची वेलांटी तरी छाटली जाते, नाहीतर उकार. मग अक्षरं लहान करत न्यायची. ही चिंचोळी पट्टी आखताना देवनागरी कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हतीच.

पट्टी आखली जाहिरातवाल्यांनी. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ या अमेरिकी वेबसाइटवर एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची आडवी जाहिरात झळकली आणि १९९६ मध्ये ४६८ बाय ६० पिक्सेल हे माप प्रमाण ठरलं. तेव्हाचे पडदे बरेचसे ६४० पिक्सेल रुंद. हौशी मंडळींनी जिओसिटीज या फुकट जागा देणाऱ्या वेबसाइटवर आपापली पानं थाटली, तेव्हा नाव मिरवायला हाच आकार उचलला.

आकार जाहिरातीचा असला, तरी माझ्या मते या बॅनरचं खरं कूळ वर्तमानपत्राच्या मास्टहेडचं. जाहिरात वाचकाला दुसरीकडे घेऊन जाते. मास्टहेड हे पान कुणाचं, ते सांगतं. आणि सांगताना बाणाही दाखवतं. १८८१ साली निघालेल्या टिळकांच्या ‘केसरी’ने नावासोबत सिंहाचा संस्कृत श्लोक छापला, त्यात संपादकीय धोरणच आलं. रायपुरात शिकलेल्या माधवराव सप्रे यांनी जानेवारी १९०० मध्ये छत्तीसगडातल्याच पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केलं. जोडीला संपादक रामराव चिंचोलकर आणि मालक वामनराव लाखे. तिघेही मराठी, पण माथ्यावर नाव छत्तीसगडचं. आणि त्या नावाचं राज्य व्हायला अजून शंभर वर्षं होती! मासिक तीन वर्षंच चाललं. १९०७ मध्ये सप्रे यांनी नागपुरातून ‘हिंदी केसरी’ काढला. टिळकांशी असलेलं नातं नावातच जाहीर.

संगणकावर मराठी माणसाला या पट्टीचा आणखी एक उपयोग झाला. युनिकोड रुळण्याआधी वाचणाऱ्याच्या संगणकात नेमका तोच फाँट नसला, की मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसे. म्हणून नाव चित्र करून, गिफ फाइलमध्ये टाकायचं. पानावर भरवशाची मराठी तेवढीच! सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ फाँट विंडोज २००० बरोबर आला आणि चित्राची सक्ती हळूहळू संपली.

पण हिंदीभाषक रायपुरात एक फरक उरतोच. हिंदीत सरळ दंडाचा ‘ल’ आणि गाठीचा ‘श’ चालतो. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ मान्य केला. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही ‘ल’ना एकच क्रमांक, ‘श’चंही तसंच. रूप ठरवतो फाँट. त्यामुळे हिंदी सवयीच्या डिझायनरकडे ‘शैला’ लिहून दिली, तर ती बॅनरवर हिंदी वळणाची होऊन येते, आणि स्पेलिंग तपासणाऱ्याला त्यात काही चूक सापडत नाही. उपाय आहे: पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची नोंद करायची आणि दोन्ही रूपं असलेला फाँट निवडायचा. नाव चित्रातच गोठवलेलं असेल, तर मात्र डिझायनरला पुन्हा बसवावं लागतं.